मम्मीच्या हृदयाची झडप आणि पप्पांची न झालेली सही

हृदयाची झडप बदला असं सांगितलंय आणि घरात तेवढे पैसे नाहीत, अशी वेळ ज्यांच्यावर आत्ता आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या घरात २०२४च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत हेच चाललं होतं. आम्ही प्रवरेकाठच्या एका गावातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पप्पा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आणि मंडळीच्या पंचांपैकी, म्हणजे चर्चच्या विश्वस्तांपैकी, एक. दादा-वहिनी त्यांच्याजवळ, मी नोकरीसाठी पिंपरीत. त्या महिन्यांत सरकारी आरोग्य योजनेचे कागद आणि बायबलमधला हिज्कीया राजा आमच्याकडे एकाच टेबलावर होते, त्यामुळे लिहितानाही मला ते वेगळे काढता आले नाहीत. नुसती कागदपत्रांची माहिती हवी असेल त्यांनी मधला भाग ओलांडून पुढे जावं.

मम्मी बावन्न वर्षांची. उन्हाळ्यापासून तिला धाप लागायची. झोपताना एक उशी पुरायची, तिथे दोन लागायला लागल्या, मग तीन. आम्ही दमा समजत होतो आणि तोंडात मारायचा फवारा चालू होता. जुलैत एका डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ काढलाच नाही, आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणायला सांगितलं. अठराशे रुपये गेले. २६ जुलैला रिपोर्ट आला: मायट्रल स्टेनोसिस, सिव्हिअर, म्हणजे हृदयाची मायट्रल झडप फार अरुंद झालेली. निरोगी माणसात ही झडप चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडते, मम्मीची ०.८ उघडत होती. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, आपण विसरून जातो. तो ताप झडपेवर डाग ठेवून जातो आणि तीस-चाळीस वर्षांनी हिशेब मागतो, असं डॉक्टरांनी समजावलं. फुगा घालून झडप मोकळी करता येईल का, असं आम्ही विचारलं. झडपेवर चुना साठला होता आणि गळतीही होती, त्यामुळे फुगा नाही. झडप बदलायचीच.

(घरात कुणाला आडवं झोपल्यावर दम लागत असेल आणि बसल्यावर बरं वाटत असेल, तर फवाऱ्यावर भागवू नका. इको करून घ्या.)

ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात दाखवलं. खर्चाचा अंदाज मिळाला तीन लाख ऐंशी हजारांचा, त्यातले दीड लाख भरती होण्याआधी. आमच्याकडे पप्पांची नव्वद हजारांची ठेव होती आणि मम्मीच्या बांगड्या. रात्री घरी आल्यावर मम्मीनं तो अंदाजाचा कागद घडी उलगडून पलंगावर पसरला आणि त्याच्यासमोर गुडघे टेकले. हे तिला नवीन नाही. शत्रू राजा सन्हेरीबाचं धमकीचं पत्र हिज्कीयानं मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे असंच पसरलं होतं, आणि मम्मी विजेच्या बिलापासून माझ्या दहावीच्या हॉलतिकिटापर्यंत सगळं तसंच पसरत आली आहे. मी दारात उभी राहून मनातल्या मनात व्याजाचा दर काढत होते.

दोन दिवसांनी मामा आले. मामा मनानं चांगले, पण त्यांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास आहे की या राज्यात माणूस ओळखीशिवाय मरतोसुद्धा उशिरा. "दाजी, पैशाचं नंतर बघू, आधी माणूस पाहिजे," असं म्हणून त्यांनी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याला घरी आणलं. कार्यकर्ता तिशीचा, गोड बोलणारा. सोबत शिफारसपत्र तयारच होतं, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. "काका, तुमच्या घरचं दुखणं ते आमच्या घरचं दुखणं. पुण्यात साहेबांचा एक फोन गेला की बेड, ऑपरेशन, सगळं. तुम्ही फक्त पेशंट घेऊन यायचं." चहा झाला. मग दुसरा कागद निघाला. चर्चच्या मागच्या मोकळ्या जागेत गाळे काढायचे, जागा तीस वर्षांच्या करारानं द्यायची, असा पंचांचा ठराव त्यावर टाइप केलेला होता. दोघा पंचांच्या सह्या झाल्या होत्या. पप्पांची राहिली होती.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाची जागा पंचांना मनात आलं म्हणून देता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ती विकायला, आणि बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाड्यानं द्यायलाही, धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. पप्पांना हे पाठ होतं. तरी ते लगेच नाही म्हणाले नाहीत. "उद्या-परवा सांगतो," म्हणाले. पत्र आमच्याकडेच ठेवून कार्यकर्ता गेला. त्या रात्री पप्पा ओट्यावर बराच वेळ बसून होते. आत मम्मीच्या श्वासाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, मग माणसानं काय करावं?

बुधवारी मंडळीत शास्त्राभ्यास असतो. पाळकसाहेबांचं बायबलमधलं राजांचं दुसरं पुस्तक महिनाभर चालू होतं आणि त्या बुधवारी नेमका अठरावा अध्याय आला. त्यांना आमच्या घरातल्या कागदाची काही कल्पना नव्हती. ख्रिस्तपूर्व ७०१. अश्शूरचा राजा सन्हेरीब हिज्कीयाच्या यहूदा राज्यातली तटबंदीची शहरं एकामागून एक घेत सुटलाय. त्याच्या स्वतःच्या शिलालेखात शेहेचाळीस शहरं मोजलीत, आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं यरुशलेमेत कोंडलं असं लिहिलंय. घाबरलेल्या हिज्कीयानं त्याला खंडणी दिली, तीनशे किक्कार चांदी आणि तीस किक्कार सोनं (किक्कार हे तेव्हाचं मोठं वजन). एवढं आणलं कुठून? मंदिराच्या दारांवर त्यानंच मढवलेलं सोनं खरवडून काढलं. सन्हेरीबानं पैसे घेतले आणि तरीही सैन्य पाठवलं.

पाळकसाहेब मग मागे गेले. हिज्कीयाचा बाप आहाज यानंही अश्शूरची मदत मागताना मंदिरातलंच सोनं-रुपं पाठवलं होतं. त्याच्याही आधी यहूदाचा राजा आसा यानं अरामाचा राजा बेनहदाद याला विकत घेतलं, तेही परमेश्वराच्या मंदिराच्या भांडारातून. म्हणजे तीन राजे, तिघांची भीती वेगवेगळी, पण पैसे दर वेळी एकाच खिशातून गेले, आणि तो खिसा त्यांचा नव्हता. त्याच काळातल्या यशया संदेष्ट्याचे तिसावा आणि एकतिसावा हे अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलेय. जे मदतीसाठी मिसराकडे, म्हणजे इजिप्तकडे, धावतात, घोड्यांवर आणि रथांवर भिस्त ठेवतात, त्यांना तो तिथे झाडतो. मला वाटायचं यशयाचा राग मिसरावर आहे. त्या बुधवारी कळलं की तो यरुशलेमेतल्या घाबरलेल्या माणसांशी बोलतोय. मिसराचा खरा भाव तर शत्रूच्याच सरदारानं सांगितला होता: तो चेपलेला बोरू आहे, टेकलात तर हातात घुसेल.

घरी येताना पप्पा काही बोलले नाहीत. सकाळी मामांना फोन लावला आणि म्हणाले, "सही होणार नाही. दाराचं सोनं काढायचं नाही मला." मामांना संदर्भ लागला नाही. त्यांना वाटलं पप्पांचं डोकं फिरलं. ते मला फोनवर म्हणाले, "तुझ्या बापाला विचार, देव काय चेक फाडणार आहे का?" मी काय उत्तर देणार? माझ्याकडेही चेक नव्हता. खरं सांगायचं तर पप्पांचा मला रागच आला होता, आणि त्या आठवड्यातल्या माझ्या प्रार्थना फार सभ्य भाषेत नव्हत्या.

आता दुसऱ्या बाजूचं. पप्पांनी पुढाऱ्याला नाही म्हटल्याचं कळलं तसं काही जणांना उलटा जोर चढला. एका चमत्कारसभेला जाणाऱ्या लांबच्या मावशी मम्मीला सांगायला लागल्या की देवावर विश्वास ठेवलाच आहे तर पुरता ठेव, चाकूला हात लावू देऊ नको. त्यांनीही आसाच काढला. आसाच्या पायाला दुखणं झालं, तेव्हा त्यानं परमेश्वराला सोडून वैद्यांचा धावा केला आणि मेला, असं इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात सोळाव्या अध्यायात आहेच. मम्मी हलली. ऑपरेशनची भीती तिला होतीच, आणि भीतीला वचनाचा आधार मिळाला की ती फार पक्की होते. दोन-तीन दिवस ती "नको, प्रभू बघेल" एवढंच म्हणत राहिली.

यातून सोडवलं पाळकबाईंनी. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "हिज्कीया मरणाला टेकला होता तेव्हा काय झालं, वाचा की. देवानं पंधरा वर्षं वाढवून दिली आणि यशयानं लगेच अंजिरांचं पोटीस बांधायला लावलं. वचनही आलं आणि लेपही आला." यशया अडतीस, एकविसावं वचन. मम्मीनं ते स्वतः काढून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाली, "बघ मग तुझं पुण्याचं."

पुण्याचं बघायचं कुठून, हे मला सांगितलं आमच्या ऑफिसच्या गेटवरच्या सुरक्षारक्षकानं. त्याच्या वडिलांना वर्षभरापूर्वी स्टेंट बसला होता. "मॅडम, बिलाच्या काउंटरला जाऊच नका. आत शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा," एवढंच तो म्हणाला.

आरोग्यमित्र म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा रुग्णालयातला माणूस. ही योजना आम्ही ऐकून होतो, पण ती पिवळ्या रेशन कार्डाची आहे असा समज होता. आमचं केशरी. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना लागू आहे, पांढऱ्या कार्डालासुद्धा, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. २०२४मध्ये ठरलेल्या तेराशे छप्पन्न उपचारांत झडप बदलणं होतं. अट एवढीच की रुग्णालय योजनेत असलं पाहिजे आणि त्या विभागासाठी असलं पाहिजे. योजनेच्या यादीत नाव आहे पण हृदयशस्त्रक्रिया त्यात नाही, असंही असतं. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या मोफत क्रमांकांवर आधी विचारून घ्या, मग गाडीत बसा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मी एका ट्रस्टच्या रुग्णालयात गेले. फाईलमध्ये होतं नव्हतं ते सगळं कोंबलं होतं, त्यात ते शिफारसपत्रही. तिथल्या समाजसेविका ताईंनी एकेक कागद बाजूला काढला. पत्र हातात आल्यावर उलटं केलं, मागची बाजू कोरी आहे हे पाहिलं, आणि त्यावर निळ्या पेनानं यादी लिहून दिली: शिधापत्रिका, तिचा बारा अंकी ऑनलाइन नंबर, सगळ्यांची आधार कार्डं, इकोचा मूळ रिपोर्ट, पासपोर्ट फोटो. पत्र त्यांनी वाचलंच नाही. ती यादी मी अजून जपून ठेवली आहे.

अडलं ते नावावर. रेशन कार्डावर मम्मी "मार्था", आधारवर "मारथाबाई", आणि जन्मसाल दोन्हीकडे वेगळं. आमच्या समाजात हे घरोघरी आहे. बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेत घातलेलं दुसरं, आणि कारकुनाला ऐकू आलेलं तिसरं. आधार केंद्रावर पन्नास रुपयांत दुरुस्ती झाली, पण नवीन नाव दिसायला आठवडा गेला. मग तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, मूळ कार्ड, आधारची झेरॉक्स. तिथे दादानं खेपा घातल्या. आज साहेब नाहीत, उद्या सर्व्हर नाही, परवा सुट्टी. गावातल्या एकानं सुचवलं की अजूनही त्या कार्यकर्त्याला एक फोन करा, दुपारपर्यंत काम होईल. होईलही, कोण जाणे. दादानं केला नाही. शेवटी रेशन दुकानदारानंच ई-पॉस मशीनवर अंगठा घेऊन ई-केवायसी पूर्ण करून दिली आणि नाव जुळलेलं दाखवलं. आजारपण येण्याची वाट न बघता हे एक काम उरकून ठेवा. कार्डावर प्रत्येकाचं नाव आहे का, आधारशी जुळतं का, लेकी-सुनांची नावं कमी-जास्त केलीत का.

याच दिवसांत, ८ सप्टेंबरच्या सुमारास, हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा होती. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात नवस नाही. पण शेजारच्या कॅथलिक काकू मम्मीच्या नावानं मेणबत्ती लावून आल्या आणि प्रसादाच्या पुडीबरोबर पाचशेची नोट उशीखाली ठेवून गेल्या. मम्मीनं दोन्ही घेतलं. माणसांवर भिस्त ठेवू नये हे वचन आणि माणसांची मदत घेणं, यात तिला कधी विसंगती वाटली नाही. मला वाटायची. काकूंनी कुठलाही कागद पुढे केला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मम्मीला घेऊन निघालो. श्रीरामपूरच्या बेलापूर स्टेशनवरून गाडी, दौंडमार्गे. पुढे केडगाव लागतं. मम्मी खिडकीला नाक लावून बसली. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आलेली आणि पुढे अख्खं पवित्र शास्त्र एकटीनं मूळ भाषांवरून मराठीत आणणारी ही बाई मम्मीच्या सगळ्यात आवडीची. "तिला कुणाचं पत्र होतं?" एवढंच म्हणाली आणि झोपली.

आरोग्यमित्रानं नोंदणी केली, मम्मीचा फोटो काढला. त्यानंतर तपासण्या: रक्त, छातीचा एक्स-रे, पुन्हा इको, चाळिशीच्या पुढे म्हणून अँजिओग्राफी, आणि दाताच्या डॉक्टरांचा दाखला. दातांचं ऐकून आम्ही चकित झालो. तोंडातला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतो, म्हणून किडके दात आधी काढावे लागतात. मम्मीच्या दोन दाढा गेल्या आणि जखम भरेपर्यंत थांबावं लागलं. तुमच्याकडे झडपेचं ऑपरेशन ठरलं असेल तर दात पहिल्याच आठवड्यात दाखवून घ्या, हा वेळ वाचतो.

मंजुरीला पाठवलेली फाईल एकदा "क्वेरी" पडून परत आली. एक रिपोर्ट नीट चढला नव्हता. क्वेरी म्हणजे नकार नव्हे, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक रात्र झोप लागली असती. कागद पुन्हा चढवला आणि दिवाळीच्या आधी मंजुरी आली. तोवर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली होती. गावात मामा त्या कार्यकर्त्याला फोन करत होते, सहीशिवाय जमतं का बघायला. तो उचलत नव्हता. त्याला दोष तरी काय द्यायचा? साहेबांनाच आता लोकांची गरज होती.

योजनेत बसलं नसतं तर दुसरी वाटही समाजसेविका ताईंनी दाखवून ठेवली होती. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढून ठेवावा, मुख्यमंत्री सहायता निधीच्या अर्जालाही तोच लागतो. उत्पन्नाची मर्यादा अधूनमधून बदलते, रुग्णालयातल्या फलकावर चालू आकडा बघा.

ऑपरेशनची तारीख १९ नोव्हेंबर ठरली. रक्तपेढीनं दाते आणायला सांगितलं होतं. पाळकसाहेबांनी रविवारी उपासनेनंतर नुसतं विचारलं आणि सात पोरं गाडी करून पुण्याला आली. तिघं परत पाठवली गेली: एकाचं हिमोग्लोबिन कमी, एकाचा टॅटू ताजा, आणि एक आदल्या रात्री प्रचाराच्या जेवणावळीतून उठून आलेला, त्याचा वास डॉक्टरांना टेबलापलीकडून आला. पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. म्हणून दाते हवेत त्याच्या दुप्पट न्या.

१९ला सकाळी मम्मीला उपाशी ठेवलं, आणि दुपारी सांगितलं की तातडीचा रुग्ण आल्यानं आज होणार नाही. २०ला मतदान. २१ला, गुरुवारी, नेलं.

झडप कुठली, हे आधी विचारतात. धातूची घेतली तर ती टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. प्राण्याच्या ऊतीची घेतली तर गोळीचं ओझं कमी, पण दहा-पंधरा वर्षांत पुन्हा बदलावी लागू शकते. मम्मीच्या वयाला डॉक्टरांनी धातूची सुचवली. संमतीपत्रावर सही करताना त्यातला धोक्याचा आकडा वाचला की हात थांबतो. पप्पांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि या कागदावर सही केली.

बाहेर बसायच्या जागेत पैठणकडच्या एक आजी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, हातात जपाची दुसरी. त्यांच्या मुलाचं ऑपरेशन त्याच दिवशी. आम्ही डबा वाटून खाल्ला. मम्मीसाठी त्यांनी पांडुरंगाला सांगितलं, त्यांच्या मुलासाठी पप्पांनी प्रार्थना केली. संध्याकाळी साडेपाचला आम्हाला बोलावलं आणि सांगितलं, झडप बसली, हृदय सुरू आहे. आजींचा मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. त्याचे कागद पूर्ण होते, आईचा विश्वास माझ्यापेक्षा कितीतरी मोठा होता. यावर माझ्याकडे काही नाही. देवावर भरवसा ठेवला म्हणून मम्मी वाचली, असं मला कुणाला सांगता येत नाही ते या आजींमुळे. पप्पांनी सही न करायचं ठरवलं तेव्हाही मम्मी वाचेलच अशी हमी त्यांच्याकडे नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

२३ला निकाल लागत होते, खालच्या टीव्हीसमोर गर्दी होती. आम्ही आयसीयूच्या दारात पाच मिनिटांच्या भेटीची वाट बघत होतो. त्याच दिवशी मामा डबा घेऊन आले, वहिनीच्या हातचं पिठलं आणि मऊ भात. पप्पांशी सप्टेंबरपासून बोलले नव्हते. "दाजी, जेवून घ्या," म्हणाले. पप्पा जेवले.

डिस्चार्ज ३० नोव्हेंबरला. ऑपरेशन, झडप, आयसीयू, रुग्णाचं जेवण, यांचा एक रुपया भरावा लागला नाही. घरी परत जायचं भाडं योजनेतून मिळतं, ते आरोग्यमित्राकडे आठवणीनं मागा. आमचा स्वतःचा खर्च साधारण एकवीस हजार झाला. नोंदणीआधीच्या तपासण्या, पोरांची गाडी, नातेवाइकांचं खाणं, पहिल्या महिन्याची काही औषधं. मी पिंपरीत राहत नसते तर राहण्याचा खर्च वेगळा पडला असता.

घरी आल्यानंतरचं कुणी नीट सांगत नाही म्हणून थोडं सविस्तर. छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं. तीन महिने हंडा, बादली, नातवंडं काही उचलायचं नाही. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची. तीन चेंडूंचं यंत्र फुप्फुसांसाठी देतात, ते ओढायचा कंटाळा पेशंट करतोच, मागे लागावं लागतं. रक्त पातळ करायची गोळी रोज ठरलेल्या वेळी. रक्त किती पातळ आहे ते सांगणारी आयएनआर नावाची तपासणी सुरुवातीला वरचेवर, मग महिन्याला. मम्मीला अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायला सांगितलंय. आमच्याकडे लॅबमध्ये तीनशे रुपये पडतात. मेथी, पालक बंद करायची नाही, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही असंही करायचं नाही, नाहीतर आकडा झोके खातो. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घ्यायची नाही. दात काढायचा झाला तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, जे भयंकर दुखतं आणि ज्याला मम्मी "खंडणी" म्हणते.

खोली शांत असली की धातूच्या झडपेची टिकटिक ऐकू येते. पहिल्या रात्री आम्ही घाबरून फोन केला होता. ती तशीच येते.

चर्चच्या मागच्या जागेचं अजून मिटलेलं नाही. त्या ठरावावर एका पंचानं नंतर सही मागे घेतली, नवीन पंच निवडले, त्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून आहे. पप्पांना या वेळी कुणी उभं केलं नाही. कार्यकर्ता रस्त्यात भेटला की मम्मीची तब्येत विचारतो आणि पप्पा नीट सांगतात.

कागदांचा शेवटचा एक मुद्दा राहिला. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी आणि झडपेचं कार्ड, ज्यावर कंपनी, आकार आणि क्रमांक असतो, यांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा आणि एक फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मम्मीनं मूळ झडपेचं कार्ड पवित्र शास्त्रात ठेवलंय, यशयाच्या आसपास कुठेतरी, आणि दर वेळी ते शोधायला दहा मिनिटं जातात.